कोर्बाचा सर्व्हर पोर्टेबल कसा लिहावा: पीओएबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी भागातली मुलं व्हीटीयू विद्यापीठाच्या कॉलेजांतून बाहेर पडतात, पुण्याला नाहीतर बेंगळुरूला कामाला लागतात आणि त्यांतल्या काहींच्या गळ्यात आल्या आल्या एखादा जुना कोर्बा सर्व्हर पडतो. मग फोन सुरू होतात. त्या फोनांवर पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. कोर्बा म्हणजे वेगवेगळ्या संगणकांवरच्या प्रोग्रामांनी एकमेकांच्या ऑब्जेक्टवरची फंक्शनं बोलावण्याचं प्रमाण, आणि पीओए म्हणजे त्यातला पोर्टेबल ऑब्जेक्ट अडॅप्टर, सर्व्हरच्या बाजूने विनंती योग्य कोडकडे पोचवणारा थर.

उदाहरण सगळीकडे एकच घेतलंय. संकेश्वर-निपाणी पट्ट्यातला एक काल्पनिक साखर कारखाना. त्याच्याकडे नोंद असलेल्या प्रत्येक शेतकऱ्याचं ऊसखातं हा एक कोर्बा ऑब्जेक्ट. वजनकाट्यावरचा संगणक, गावोगावची गट कार्यालयं आणि बिलाचा विभाग हे त्याचे क्लायंट. कोडमधली नावं उच्चाराप्रमाणे दिली आहेत. स्पेलिंग बघायला आयडीएल (ऑब्जेक्टचे इंटरफेस लिहिण्याची भाषा) कंपायलरने काढलेली फाइल शेजारी उघडी ठेवा.

कोर्बा संपला म्हणतात की! मग हे शिकायचं कशाला?

आज नवीन कामासाठी कुणी कोर्बा घेत असेल तर मी आधी त्याला कारण विचारेन. पण टेलिकॉम नेटवर्क सांभाळणाऱ्या प्रणालींत टीएमएफ 814 सारखे इंटरफेस कोर्बावरच बेतलेले आहेत, लष्करी सॉफ्टवेअर रेडिओंच्या एससीए रचनेतही तो होता, आणि असल्या ठिकाणचा कोड कुणी सहजासहजी फेकून देत नाही. पाडून नवं बांधायचं की आहे ते चालतं ठेवायचं, हे ठरवणं नव्या मुलाच्या हातात नसतं. चालतं ठेवणं असतं.

दुसरं म्हणजे, पीओए नीट समजला की रिमोट ऑब्जेक्टच्या आयुष्याचे प्रश्न एकदाचे समजतात. ते प्रश्न कोर्बाबरोबर गेलेले नाहीत.

पीओए नेमकं काय करतो?

क्लायंटच्या हातात असतो रेफरन्स, म्हणजे आयओआर. त्यात यजमान संगणकाचा पत्ता, पोर्ट आणि ऑब्जेक्ट की असते. पत्ता-पोर्ट वापरून विनंती तुमच्या प्रोसेसपर्यंत येते. तिथून पुढे ऑब्जेक्ट की फोडून 'हा कुठला पीओए, त्यातला कुठला ऑब्जेक्ट आयडी' हे काढलं जातं आणि विनंती योग्य सर्व्हंटच्या, म्हणजे प्रत्यक्ष काम करणाऱ्या ऑब्जेक्टच्या, फंक्शनपर्यंत पोचवली जाते. ओआरबी (विनंत्या नेणारं-आणणारं कोर्बाचं सॉफ्टवेअर) आणि तुमचा कोड यांच्या मधला हा थर. तो प्रमाणित असल्यामुळे एका कंपनीच्या ओआरबीवर लिहिलेला सर्व्हर दुसऱ्या ओआरबीवर नेता येतो. 'पोर्टेबल' या शब्दाचा दावा एवढाच आहे.

आधी बीओए होता ना? त्यात काय खोट होती?

कोर्बाची पहिली आवृत्ती 1991 ची, आणि तिच्यातला बेसिक ऑब्जेक्ट अडॅप्टर अर्धवट लिहिलेला. सर्व्हंटची नोंद ओआरबीकडे कशी करायची, स्केलेटन क्लासचं (आयडीएलमधून निघणारा, सर्व्हंटचा पाया) नाव काय, थ्रेडचं काय, यांतलं धड काहीच ठरवलेलं नव्हतं. 'इम्पल इज रेडी' हे फंक्शन नेमकं कधी परत येतं यावरसुद्धा एकमत नव्हतं. मग प्रत्येक कंपनीने मोकळ्या जागा आपापल्या पद्धतीने भरल्या. 1996 च्या 2.0 आवृत्तीत आयआयओपी (ओआरबींनी नेटवर्कवर बोलण्याची समान पद्धत) आल्यावर वेगवेगळे ओआरबी तारेवरून एकमेकांशी बोलू लागले, पण सर्व्हरचा कोड मात्र ज्याचा त्यालाच बांधलेला राहिला. फेब्रुवारी 1998 च्या 2.2 आवृत्तीत पीओए आला आणि बीओए प्रमाणातून काढून टाकला गेला.

जुन्या कोडमध्ये 'इम्पल-बेस' असं शेपूट असलेले क्लास दिसले तर तो पीओएच्या आधीचा कोड समजा.

ऑब्जेक्ट आणि सर्व्हंट एकच नव्हं?

नाही. आणि या पानावरचं एकच उत्तर वाचणार असाल तर हे वाचा.

शेतकऱ्याचं खातं नोंदणी झाल्या दिवसापासून आहे. मे महिन्यात गाळप बंद असतं, काट्यावर चिटपाखरू नसतं, तरीही खातं आहे. तो झाला कोर्बा ऑब्जेक्ट. त्याच्यासाठी प्रत्यक्ष काम करणारा, मेमरीत जागा घेणारा सी प्लस प्लस किंवा जावाचा ऑब्जेक्ट म्हणजे सर्व्हंट. तो सकाळी जन्माला येईल, दुपारी जाईल, उद्या दुसरा येईल. क्लायंटकडच्या रेफरन्सचं आयुष्य तर आणखी वेगळं: गट कार्यालयाने तो गेल्या हंगामात फाइलमध्ये लिहून ठेवलेला असू शकतो.

म्हणजे खातं, सर्व्हंट, रेफरन्स आणि सर्व्हरची प्रोसेस अशी चार आयुष्यं झाली, आणि चौघांची लांबी वेगळी. नवखा माणूस चारही एकात गुंडाळतो: 'न्यू' केलं की खातं जन्मलं, 'डिलीट' केलं की मेलं. डेमोत हे खपतं. खरा कारखाना चालू झाला की याच एका समजुतीतून निम्मे बग निघतात. पीओएच्या सगळ्या पॉलिसी या चार आयुष्यांचं एकमेकांशी नातं काय, एवढंच विचारतात.

सात पॉलिसी आहेत म्हणे. सगळ्या पाठ करायच्या?

पाठ करू नका. तीन प्रश्न विचारा, बाकीच्या आपोआप ठरतात.

पहिला: प्रोसेस मेल्यावर रेफरन्स जगला पाहिजे का? हो, तर लाइफस्पॅन पर्सिस्टंट. नाही, तर ट्रान्झियंट. ऊसखातं पर्सिस्टंट. क्लार्कने बिलं चाळण्यासाठी उघडलेला इटरेटर ट्रान्झियंट.

दुसरा: ऑब्जेक्टची ओळख कुणाकडून येते? डेटाबेसमधला खाते क्रमांक असेल तर युझर-आयडी. ओळखीला बाहेर काही अर्थच नसेल तर सिस्टम-आयडी. पर्सिस्टंटबरोबर जवळजवळ नेहमी युझर-आयडीच लागतो.

तिसरा: ऑब्जेक्ट किती, आणि ते सगळे एकदम मेमरीत मावतात का? यावरून सर्व्हंट रिटेन्शन (पीओएने सर्व्हंटची नोंद ठेवायची की नाही) आणि रिक्वेस्ट प्रोसेसिंग (विनंतीसाठी सर्व्हंट कसा शोधायचा) ठरतं. याचं उत्तर खाली सविस्तर आहे.

उरल्या तीन. आयडी-युनिकनेस म्हणजे एका सर्व्हंटला एकच आयडी की अनेक. इम्प्लिसिट ॲक्टिव्हेशन म्हणजे न सांगता नोंद व्हावी का. आणि थ्रेड. न जुळणारं मिश्रण दिलंत तर पीओए बनवतानाच 'इनव्हॅलिड पॉलिसी' अपवाद येतो आणि यादीतली कितवी पॉलिसी नडली तेही त्यात सांगितलेलं असतं. उदाहरणार्थ, इम्प्लिसिट ॲक्टिव्हेशनला सिस्टम-आयडी आणि रिटेन दोन्ही लागतात.

नुसत्या रूट पीओएवर भागत नाही का?

कॉलेजच्या जर्नलसाठी भागतं. रूट पीओए म्हणजे ओआरबी आयता देतो तो पहिला पीओए. त्याच्या पॉलिसी ठरलेल्या आहेत, त्या बदलता येत नाहीत: ट्रान्झियंट, सिस्टम-आयडी, इम्प्लिसिट ॲक्टिव्हेशन. म्हणजे त्यावर बनवलेला प्रत्येक रेफरन्स सर्व्हर बंद होताच बाद. खऱ्या कामाला त्याच्याखाली आपले पीओए काढा. एक बारकी गोष्ट लक्षात ठेवा: पॉलिसी न देता मुलाचा (म्हणजे दुसऱ्या पीओएच्या खालचा) पीओए काढला तर बाकी सगळं रूटसारखंच मिळतं, पण इम्प्लिसिट ॲक्टिव्हेशन मात्र बंद असतं.

सर, सर्व्हर चालू हाय, एरर कायबी नाही, पण क्लायंट नुसता लटकून बसतोय.

पीओए मॅनेजरवर (पीओएत विनंत्या सोडणारं-अडवणारं दार) 'ॲक्टिव्हेट' बोलावलंय का बघा. दहातल्या नऊ फोनांना एवढंच उत्तर पुरतं.

पीओए मॅनेजर जन्मतो तोच 'होल्डिंग' अवस्थेत. विनंत्या आत येतात आणि रांगेत उभ्या राहतात. तुम्ही दार उघडेपर्यंत कुणी त्यांना हात लावत नाही. म्हणून एरर नाही आणि उत्तरही नाही. सर्व्हंटची नोंद वगैरे पूर्ण होईपर्यंत ग्राहक आत येऊ नये, म्हणून हे मुद्दाम असं ठेवलंय. बाकीच्या अवस्था तीन: 'ॲक्टिव्ह', 'डिस्कार्डिंग' आणि 'इनॲक्टिव्ह'. डिस्कार्डिंगमध्ये विनंती 'ट्रान्झियंट' अपवाद देऊन परत पाठवली जाते (लाइफस्पॅनच्या ट्रान्झियंटशी याचा संबंध नाही). हंगामाच्या ऐन गर्दीत सर्व्हरवर ताण आला तर थोडा वेळ ही अवस्था कामाला येते. इनॲक्टिव्हमधून परतीची वाट नाही.

ॲक्टिव्हेट केलंय आणि तरीही लटकतोय? मग प्रत्येक मुलाच्या पीओएला वेगळा मॅनेजर तर मिळाला नाही ना ते पाहा. पीओए काढताना मॅनेजरच्या जागी 'नल' दिलं की नवा मॅनेजर तयार होतो, आणि तोही होल्डिंगमध्येच.

लाईट गेली, सर्व्हर पुन्हा चालू केला, आणि काट्यावरचे सगळे रेफरन्स मेले. पर्सिस्टंट तर दिलंय!

पर्सिस्टंट ही पॉलिसी शब्द देते. तो पाळायची कामं तुमच्याकडे आहेत.

सर्व्हर पुन्हा उठताना पीओए त्याच नावाने, त्याच बापाखाली, त्याच पॉलिसींसह काढावा लागतो. आयडी तेच हवेत. आणि रेफरन्समध्ये कोरलेला पत्ता आणि पोर्ट पुन्हा खरे ठरले पाहिजेत. शेवटच्या अटीवरच बहुतेक जण आपटतात, कारण पोर्ट सांगितला नाही तर ऑपरेटिंग सिस्टम दर वेळी मोकळा असेल तो देते. म्हणून पोर्ट पक्का करा. ओम्निओआरबी या ओआरबीत ते एंडपॉइंटच्या पर्यायाने होतं, टीएओ या ओआरबीत लिसन-एंडपॉइंट्सने, जावातल्या जेकॉर्बमध्ये ओएपोर्टने. जेकॉर्बला वर इम्प्लनेमही (सर्व्हरचं ठरलेलं नाव) द्यावं लागतं. हा भाग प्रमाणाच्या बाहेरचा आहे, तेव्हा तो कोडमध्ये न गुंफता कॉन्फिगरेशन फाइलमध्ये किंवा कमांड लाइनवर ठेवा. दुसरा रस्ता इम्प्लिमेंटेशन रिपॉझिटरीचा: रेफरन्समध्ये तिचा पत्ता जातो, ती गरज पडली तर सर्व्हर उठवते आणि क्लायंटला खऱ्या पत्त्याकडे वळवते. एका कारखान्यासाठी हा थाट जास्त वाटतो. पक्का पोर्ट बरा.

आणि पर्सिस्टंट दिलं म्हणून खात्यातली शिल्लक डिस्कवर जात नाही. काही जणांना तसं खरंच वाटतं. टिकतो तो रेफरन्स. डेटा तुम्ही डेटाबेसमध्ये लिहिलात तरच टिकेल.

शेजारच्या खोलीतल्या संगणकावरून जोडणीच होत नाही. त्याच संगणकावर मात्र चालतं.

आयओआर उघडून बघा. ओम्निओआरबी आणि टीएओबरोबर 'कॅटआयओआर' मिळतं, जेकॉर्बबरोबर 'डायर'. आत 127.0.0.1 किंवा 127.0.1.1 दिसलं की आजार कळला: सर्व्हरने यजमानाचं नाव होस्ट्स फाइलमधून सोडवलं आणि स्वतःलाच दाखवणारा पत्ता रेफरन्समध्ये छापला. उबुंटूवर हे हमखास होतं. बाहेरून पोचता येईल असा पत्ता ओआरबीला स्पष्ट सांगा.

चाळीस हजार शेतकरी असतील तर चाळीस हजार सर्व्हंट बनवायचे?

नाही. पीओएची खरी ताकद इथेच दिसते, म्हणून हे उत्तर लांब आहे.

सरळ रस्ता म्हणजे प्रत्येक खात्याला सर्व्हंट आणि सगळ्यांची नोंद ॲक्टिव्ह ऑब्जेक्ट मॅपमध्ये (कुठल्या आयडीला कुठला सर्व्हंट, ही पीओएची यादी). ऑब्जेक्ट शे-दोनशे असतील तर हाच घ्या. खाती हजारोंनी असली की सर्व्हर उठायलाच वेळ लागतो, आणि ज्यांचा ऊस या आठवड्यात येणारच नाही त्यांचेही सर्व्हंट मेमरी अडवून बसतात.

दुसरा रस्ता सर्व्हंट ॲक्टिव्हेटर. पॉलिसी रिटेन आणि यूज-सर्व्हंट-मॅनेजर. खात्यावर पहिली विनंती आली की पीओए तुमचं 'इनकार्नेट' बोलावतो, तुम्ही डेटाबेसमधून खातं उचलून सर्व्हंट देता, तो मॅपमध्ये बसतो. पुढच्या विनंत्या थेट त्याच्याकडे. उठणं झटपट होतं, पण हंगाम सरता सरता जवळजवळ सगळेच सर्व्हंट मेमरीत जमलेले असतात, कारण आपण होऊन कुणी बाहेर पडत नाही.

तिसरा सर्व्हंट लोकेटर, म्हणजे नॉन-रिटेन आणि यूज-सर्व्हंट-मॅनेजर. इथे मॅप नाहीच. प्रत्येक विनंतीआधी 'प्रीइन्व्होक', नंतर 'पोस्टइन्व्होक'. मधली सगळी सत्ता तुमची. अलीकडे वापरलेले पाचशे सर्व्हंट हाताशी ठेवायचे आणि सर्वांत जुना काढायचा, अशी कॅश इथे लिहिता येते. लिहिता येते म्हणजे तुम्हालाच लिहावी लागते, थ्रेडच्या कुलपांसकट.

चौथा डिफॉल्ट सर्व्हंट. एकच सर्व्हंट, सगळ्या खात्यांसाठी. विनंती आली की तो पीओए करंटला (चालू विनंतीची माहिती देणारा ऑब्जेक्ट) विचारतो, 'हा आयडी कुठला?', त्या क्रमांकाची ओळ डेटाबेसमधून वाचतो, काम करतो, विसरतो. आयडी-युनिकनेस मल्टिपल हवं. मेमरी कायम तेवढीच, मग खाती चार असोत की चाळीस हजार.

आपल्या कारखान्याला मी डोळे झाकून चौथा रस्ता देईन. खात्याची खरी अवस्था डेटाबेसमध्येच आहे. मेमरीत दुसरी प्रत ठेवली की काट्यावरचं वजन आणि बिलातलं वजन वेगळं निघण्याची सोय आपणच करून ठेवतो. काट्यावर ट्रॅक्टर एकामागून एक येतात, एका ट्रॅक्टरमागे एखाद-दुसरी डेटाबेस क्वेरी जड नाही. मोजून पाहिल्यावर खरंच संथ वाटलं, तरच लोकेटरकडे जा.

आणि एक, जे फार थोड्यांना माहीत असतं: रेफरन्स बनवायला सर्व्हंट लागतच नाही. 'क्रिएट रेफरन्स विथ आयडी' ला आयडी आणि इंटरफेसची रिपॉझिटरी आयडी (इंटरफेसचं कोर्बातलं ओळखनाव) द्या, रेफरन्स तयार. गटातल्या सगळ्या खात्यांची यादी द्यायची असेल तर एकही सर्व्हंट न उठवता देता येते.

'धिस' वापरल्यावर ऑब्जेक्ट भलत्याच पीओएत का जातो?

अंडरस्कोर-धिस (सर्व्हंटवरून त्याचा रेफरन्स देणारं फंक्शन) हे सोयीचं दिसतं, पण त्यात मेख आहे. विनंती चालू नसताना ते बोलावलं तर ते सर्व्हंटच्या डिफॉल्ट पीओएकडे जातं, आणि तुम्ही बदललं नसेल तर डिफॉल्ट पीओए म्हणजे रूट. रूटवर इम्प्लिसिट ॲक्टिव्हेशन चालू आहे, म्हणून तो चुपचाप सर्व्हंटची तिथे आणखी एक नोंद करतो आणि ट्रान्झियंट रेफरन्स हातात ठेवतो. सगळं चालतं. सर्व्हर रीस्टार्ट होईपर्यंत.

उपाय दोन. सर्व्हंट क्लासमध्ये 'डिफॉल्ट पीओए' फंक्शन ओव्हरराइड करून योग्य पीओए परत द्या. किंवा 'धिस' ला हातच लावू नका. आयडी देऊन ॲक्टिव्हेट करा आणि 'आयडी टू रेफरन्स' ने रेफरन्स मागा. मी दुसरा वापरतो, कारण वाचणाऱ्याला कुठल्या पीओएत काय चाललंय ते समोर दिसतं.

सिंगल थ्रेड मॉडेल दिलं की कुलपांची कटकट संपली ना?

त्या एका पीओएपुरती. दुसऱ्या पीओएच्या विनंत्या त्याच वेळी वेगळ्या थ्रेडवर चालू शकतात, आणि दोघे एकच डेटाबेस जोडणी वापरत असतील तर भांडण ठरलेलं. शिवाय एक संथ क्वेरी सगळ्या काट्यांना थांबवते. ओआरबी कंट्रोल मॉडेल (थ्रेड ओआरबीने वाटायचे) घ्या आणि सर्व्हंट थ्रेड-सुरक्षित लिहा. ओआरबी थ्रेड पूल वापरतो की दर जोडणीला एक थ्रेड, हे प्रमाणात नाही. त्यावर भिस्त ठेवलात की पोर्टेबिलिटी गेली.

खातं बंद केलं तर सर्व्हंट लगेच डिलीट करायचा?

'डीॲक्टिव्हेट ऑब्जेक्ट' बोलावा आणि हात बाजूला घ्या. ते लगेच परत येतं, पण चालू असलेल्या विनंत्या संपेपर्यंत सर्व्हंट वापरात असतो. त्याच ओळीखाली 'डिलीट' लिहिणं म्हणजे कधीतरी, तेही ऐन गर्दीत, सर्व्हर कोसळवणं. सी प्लस प्लसमध्ये सर्व्हंट क्लासला 'रेफ काउंट सर्व्हंट बेस' जोडा, नोंदीनंतर आपला काउंट सोडा, बाकी पीओए पाहतो.

शेतकऱ्यांची नावं मराठीत आणि कन्नडमध्ये आहेत. स्ट्रिंग जाते का नीट?

जाते, पण आपोआप नाही. आयडीएलची साधी स्ट्रिंग पाठवताना दोन्ही बाजूंचे ओआरबी आधी कोडसेट (अक्षरं बाइटमध्ये मांडण्याची पद्धत) जुळवतात. ओम्निओआरबीचा मूळ कोडसेट आयएसओ 8859-1 असतो, त्यात ना देवनागरी ना कन्नड. कॉन्फिगरेशनमध्ये तो यूटीएफ-8 करा, दोन्हीकडे. नाहीतर डबल्यूस्ट्रिंग (आयडीएलची रुंद अक्षरांची स्ट्रिंग) वापरा. मात्र जीआयओपी (ओआरबींच्या बोलण्याचा प्रोटोकॉल) 1.0 बोलणाऱ्या जुन्या क्लायंटला ती पेलत नाही.

लांबीची मर्यादा घातलेली स्ट्रिंग हा वेगळा सापळा. सी प्लस प्लसमध्ये 30 ची मर्यादा म्हणजे 30 बाइट, आणि यूटीएफ-8 मध्ये देवनागरी असो वा कन्नड, प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात; मात्रा आणि हलंतही चिन्हंच. 'यमकनमर्डी' ला 27 बाइट जातात. त्यापुढे तालुका लिहायला जागा उरत नाही. मर्यादा काढून टाका, लांबी सर्व्हंटमध्ये तपासा.

ऑब्जेक्ट आयडीत गावाचं नाव घातलं तर वाचायला सोपं पडेल ना?

घालू नका. 1 नोव्हेंबर 2014 ला बेळगावचं सरकारी नाव बेळगावी झालं, इंग्रजी स्पेलिंगही बदललं. ज्याच्या आयडीत 'बेळगाव-उत्तर-1207' होतं, त्याला एकतर जुनं नाव कायम वागवावं लागलं असतं, नाहीतर वाटलेले सगळे रेफरन्स बाद करावे लागले असते. आयडी क्लायंटसाठी अपारदर्शक असतो, तो सुंदर दिसण्याची गरज नाही. कधीही न बदलणारा अंतर्गत क्रमांक घाला. शेतकऱ्याचा फोन, आधार, सर्व्हे नंबर यांपैकीही काही नको. सर्व्हे नंबर तर वाटणी झाली की फुटतो.

जावामध्ये हे अजून चालतं का?

जेडीके 1.4 मध्ये, 2002 साली, पीओए आला. जावा 9 मध्ये कोर्बावर 'काढणार आहोत' असा शिक्का बसला आणि 2018 च्या जावा 11 मध्ये तो जेडीकेतून गेला. त्यानंतर बाहेरची लायब्ररी घ्यावी लागते, जेकॉर्ब किंवा ग्लासफिशचा ओआरबी. ओआरबीडी आणि आयडीएलजे ही हत्यारंही जेडीकेबरोबरच गेली, तेव्हा बिल्ड स्क्रिप्ट तपासा. नियम पाळून लिहिलेला सर्व्हर असेल तर सर्व्हंटच्या कोडला फारसा हात लागत नाही. ओआरबी सुरू करतानाचे गुणधर्म तेवढे बदलतात.

मग एका ओआरबीवरून दुसऱ्यावर नेताना काय काय बदलावं लागतं?

सर्व्हंटच्या बेस क्लासचं नाव, पीओए काढण्याचा कोड, पॉलिसी, सर्व्हंट मॅनेजर हे सगळं तसंच राहतं. सी प्लस प्लसमध्ये हेडर फाइलींची नावं बदलतात, कारण ती प्रमाणात ठरवलेलीच नाहीत. म्हणून आपली एकच हेडर फाइल करा आणि तिच्यातून ओआरबीची हेडर ओढा. मेकफाइल बदलते, पोर्टचे पर्याय बदलतात, रिपॉझिटरीत नोंद करण्याची पद्धत बदलते. कंपायल तर नव्याने करावंच लागतं. बायनरी उचलून दुसरीकडे ठेवण्याची सोय पीओएने कधी दिलीच नव्हती.

जुने पर्सिस्टंट रेफरन्स मात्र नव्या ओआरबीवर सहसा चालत नाहीत, कारण ऑब्जेक्ट की आतून कशी बांधायची हे ज्याचं त्याने ठरवलंय. म्हणून क्लायंटला फाइलमध्ये रेफरन्स कोंबून ठेवायला शिकवू नका. नेमिंग सर्व्हिसचा (नावावरून रेफरन्स देणारी सेवा) एक कोर्बालोक, म्हणजे यूआरएलसारखा, पत्ता द्या, पोर्ट 2809, आणि बाकीचे रेफरन्स तिथून दर वेळी ताजे घेऊ द्या. ओआरबी बदलायचा तो हंगाम संपल्यावर, एप्रिल-मेमध्ये. काटा चालू असताना नाही.